वतन कुणाचं, गाणं कुणाचं

मराठीत अरबीतून आलेले शब्द किती, हे मोजायला कुणी बसलं तर त्याला दिवस पुरायचा नाही. वकील, खर्च, हिशेब, हवा, किल्ला... आपण हे शब्द वापरतो आणि त्यांचं माहेर विसरतो, ते बरंच आहे. आज मला बोलायचं आहे ते अशा दोन शब्दांविषयी. एक 'वतन' आणि दुसरा 'कौम'. वतन म्हटलं की मराठी माणसाला पाटलाचं वतन आठवतं, वतनदार आठवतो आणि त्यामागून येणारी भाऊबंदकीही. कौम म्हटलं की आमच्या मोहल्ल्यात जमात आठवते आणि 'कौम की खिदमत' करण्यासाठी निवडणुकीच्या तोंडावर उगवणारे पुढारी आठवतात.

अरबांच्या देशांत मात्र गेली शंभर-दीडशे वर्षं हे दोन शब्द एकमेकांशी भांडत आले आहेत. 'वतनिय्या' म्हणजे आपल्या देशाचा, इजिप्तचा किंवा सीरियाचा अभिमान. 'कौमिय्या' म्हणजे अरबी बोलणाऱ्या सगळ्यांची मिळून एक कौम, तिचा अभिमान. माणूस एकाच वेळी दोन्ही बाळगतो आणि अडचणीत येतो. मी मराठीत कविता लिहितो आणि माझं नाव मुसलमानी आहे, म्हणून कार्यक्रमानंतर कुणी तरी हमखास विचारतं, "अरबस्तानाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" जणू माझं तिथं आजोळ आहे! अरबी मी लहानपणी वाचायला शिकलो, तीही अर्थ न कळता. अर्थ कळू लागला तो फार पुढे, पुस्तकांतून आणि बराचसा गाण्यांतून. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी गाण्यांच्या वाटेनंच देतो.

'वतन' या शब्दाचा जुना अर्थ साधा होता : माणूस राहतो ते ठिकाण. त्याला 'मातृभूमी'चं वजन आलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि ज्यांनी ते दिलं त्यांत बैरुतचे बुतरुस अल-बुस्तानी हे मोठं नाव आहे. १८६० साली लेबनॉनच्या डोंगरात द्रूझ आणि मारोनाइट ख्रिस्ती यांच्यात कत्तली झाल्या, त्यांचं लोण दमिश्कपर्यंत पोहोचलं. त्या राखेत बसून बुस्तानींनी अकरा पत्रकं काढली. खाली सही 'वतनावर प्रेम करणारा एक' अशी. पुढे १८६३ मध्ये त्यांनी सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी 'वतनी' शाळा काढली, आणि १८७० मध्ये काढलेल्या मासिकाचं ब्रीद ठेवलं : वतनाचं प्रेम हा श्रद्धेचाच भाग आहे. हे वाक्य आमच्याकडे पंधरा ऑगस्टच्या भाषणांत हटकून येतं, 'हुब्बुल वतन मिनल ईमान' म्हणून. ते पैगंबरांचं वचन आहे असंच बहुतेक जण समजतात. हदीसचे जाणकार तसं मानत नाहीत. पण त्याला आधुनिक देशप्रेमाचं ब्रीद बनवणारा माणूस ख्रिस्ती होता, हे सांगितलं की सभेत क्षणभर शांतता पसरते. अरब म्हणजे मुसलमान हे समीकरण आपण इथं बसून मांडतो. तिथली कौम धर्मावर उभी राहिली नव्हती, ती भाषेवर उभी राहिली होती.

आता गाण्याकडे येतो. आज इराकचं राष्ट्रगीत आहे 'मौतिनी'. तोच व-त-न हा धातू. अर्थ 'माझं वतन'. हे गीत लिहिणारा कवी इराकी नव्हता. इब्राहिम तुकान हा पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसचा, १९०५ चा जन्म. शिकला बैरुतला. १९३० च्या दशकात त्यानं हे गीत लिहिलं आणि चाल लावली बैरुतच्या मुहम्मद फुलैफल यांनी. सीरियाच्या राष्ट्रगीताची चालही फुलैफल यांचीच. म्हणजे चाल लेबनॉनची, शब्द पॅलेस्टाईनचे, आणि आज उभं राहून गाणार इराक!

तुकान आमच्या रेडिओच्या जातकुळीतला माणूस. १९३६ साली ब्रिटिशांनी जेरुसलेमला नभोवाणी केंद्र सुरू केलं, त्याच्या अरबी विभागाची जबाबदारी त्याच्याकडे आली. सरकारी नोकरी आणि कवीचं मन यांची मोट किती दिवस बांधता येते? १९४० मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. पोटासाठी तो इराकमध्ये शिक्षक म्हणून गेला, तिथं आजारी पडला, परत आला आणि १९४१ च्या मे महिन्यात वारला. वय अवघं छत्तीस. त्याच्या धाकट्या बहिणीला, फदवाला, घरच्यांनी शाळेतून काढलं होतं. तिला घरी बसवून कविता शिकवली ती यानं. फदवा तुकान पुढे अरबी कवितेतलं मोठं नाव झाली.

'मौतिनी' पॅलेस्टिनी लोक कित्येक वर्षं आपलं राष्ट्रगीत म्हणूनच गात होते. १९९६ मध्ये त्यांनी दुसरं गीत अधिकृत केलं, त्याची चाल इजिप्तच्या अली इस्माईलची. २००३ मध्ये सद्दाम हुसेन यांची राजवट कोसळली, जुनं राष्ट्रगीत तिच्याबरोबर गेलं आणि २००४ मध्ये इराकनं 'मौतिनी' घेतलं. ज्या कवीनं आयुष्याचे शेवटचे महिने त्या देशात परका मास्तर म्हणून काढले, त्याचे शब्द त्या देशाच्या मुलांना आज शाळेत म्हणायला लावतात. ज्या वतनासाठी ते लिहिले, तिथली माणसं मात्र अजून वतन शोधत आहेत. हे मला एखाद्या शोकांतिकेपेक्षा कमी वाटत नाही.

पण खरं सांगायचं तर माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच एका कवीत. सलाह जाहीन. कैरोचा, १९३० चा जन्म. वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा, बाहुल्यांच्या खेळासाठी पदं लिहायचा, आणि कविता लिहायचा ती ग्रंथांच्या अरबीत नव्हे, तर कैरोच्या गल्लीत, भाजीवाल्याशी घासाघीस करताना बोलतात त्या अरबीत. आपल्याकडे प्रमाण मराठी आणि बोली यांत जेवढं अंतर आहे त्याच्या कितीतरी पट अंतर या दोन अरबींत आहे. पंडितांच्या लेखी बोलीतली कविता ही कविताच नव्हे.

१९५६ मध्ये जमाल अब्देल नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि ऑक्टोबरअखेर इस्रायल, पाठोपाठ ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले. त्या दिवसांत जाहीननं आपल्या जुन्या शस्त्राला हाक मारणारं एक गीत लिहिलं, कमाल अत-तवील यांनी चाल बांधली आणि उम्म कुल्सूम गायली. कोण उम्म कुल्सूम? दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जिची मैफल कैरो रेडिओवरून लागली की मोरोक्कोपासून इराकपर्यंत चहाच्या टपऱ्या भरून जायच्या, ती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाँबफेकीत कैरो रेडिओचं प्रक्षेपण केंद्र बंद पडलं. तेव्हा सीरियातल्या निवेदकानं आपल्या माइकवरून जाहीर केलं : "दमिश्कहून हे कैरो आहे." आपलं स्टेशन, आपला आवाज, आणि नाव शेजाऱ्याचं. कौमिय्या म्हणजे काय याच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत; मला हे एक वाक्य पुरतं.

गंमत बघा, त्याच सुमाराला आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं आणि शाहीर अमर शेख डफ घेऊन मैदानं गाजवत होते. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचं मूळ नाव. त्यांची भाषाही गिरणीतली, रानातली. लोकांच्या तोंडची बोली अभिमानाचं गाणं पेलू शकते का, ही शंका त्यांना ऐकलेल्या माणसाच्या मनात येणारच नाही.

जाहीनचं गीत १९६० मध्ये इजिप्तचं राष्ट्रगीत झालं. इराकनंही त्याची धून उचलली आणि १९६५ पासून १९८१ पर्यंत वाजवली. गल्लीतल्या भाषेला एवढा मान क्वचितच मिळाला असेल. जाहीन त्या काळाचा कवीच झाला. तो लिहायचा, अत-तवील चाल द्यायचे, अब्देल हलीम हाफिज गायचा. क्रांतिदिन आला की नवं गाणं, त्यात नवी धरणं, नवे कारखाने, हसरी माणसं.

मग आला जून १९६७. युद्ध सहा दिवसांत संपलं. कैरोचं 'सौत अल-अरब', म्हणजे 'अरबांचा आवाज', हे केंद्र शत्रूची विमानं पाडल्याच्या बातम्या देत राहिलं. प्रत्यक्षात इजिप्तचं हवाई दल पहिल्याच सकाळी जमिनीवर उद्ध्वस्त झालं होतं. खरं काय ते लोकांना परदेशी स्टेशनांवरून कळलं. रेडिओवर बोलणाऱ्या कुणाही माणसानं ही गोष्ट उशाशी ठेवावी अशी आहे. निवेदक निदान म्हणू शकत होता की कागदावर होतं ते मी वाचलं. कवीला तशी सोय नव्हती. आपल्या गाण्यांनी लोकांना झोपेत ठेवलं, हा सल जाहीनच्या मनात रुतून बसला. तो खोल नैराश्यात गेला आणि अभिमानगीतांपासून दूर झाला. १९७२ मध्ये त्यानं लिहिलेला नाच-गाण्याचा एक हलकाफुलका सिनेमा तुफान चालला, तेव्हा जुने चाहते नाराज झाले. मला वाटतं, त्यांनी त्याला समजून घ्यायला हवं होतं. ज्याचं गाणं राष्ट्र उभं राहून गातं, त्या माणसाला हसण्याचीही चोरी असावी का?

१९७९ मध्ये इस्रायलशी शांतता करार झाला. शस्त्राला हाक मारणारं राष्ट्रगीत अन्वर सादात यांना अवघड वाटू लागलं. त्यांनी ते बदलून 'बिलादी' आणलं, अलेक्झांड्रियाच्या सय्यद दरवेश यांचं. दरवेश तर १९२३ मध्येच वारले होते. मेलेल्या संगीतकाराकडून सरकारला त्रास नसतो. जाहीन तेव्हा जिवंत होता. तो १९८६ मध्ये गेला.

अल्जीरियाची कथा याहून कडक आहे. मुफ्दी झकारिया यांनी 'कसमन', म्हणजे शपथगीत, १९५५ मध्ये फ्रेंचांच्या तुरुंगात लिहिलं. भिंतीवर स्वतःच्या रक्तानं लिहिलं असं सांगतात. चाल अखेर लागली ती इजिप्तच्या मुहम्मद फौझी यांची. कवी जन्मानं अरब नव्हे, वाळवंटातल्या म्झाब खोऱ्यातला बर्बर. आणि अरबी अभिमानाचं सर्वांत धगधगीत राष्ट्रगीत त्याचं! त्यातलं एक कडवं थेट फ्रान्सचं नाव घेऊन हिशेब मागतं. फ्रान्सशी संबंध गोड असतील तेव्हा ते गाळायचं, बिघडले की गायचं, असा खेळ चालतो. २०२३ च्या मे महिन्यात सरकारनं ते मोठ्या समारंभांत पुन्हा सक्तीचं केलं आणि पॅरिसमधून नाराजीचा सूर निघाला. झकारिया मात्र स्वतंत्र अल्जीरियात रमले नाहीत. १९७७ मध्ये ते वारले, तेही शेजारच्या ट्युनिसमध्ये.

ट्युनिशियाचं राष्ट्रगीत मुख्यतः मुस्तफा सादिक अर-राफिई यांचं. जन्म इजिप्तचा, घराणं आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीचं, आणि तरुणपणीच ऐकू येईनासं झालेलं. जे गीत हजारोंनी एका सुरात गायचं ते एका बहिऱ्या लेखकाचं! शेवटच्या ओळी अबुल कासिम अश-शाब्बी या ट्युनिशियाच्याच, पंचविशीत गेलेल्या कवीच्या. २०११ च्या उठावात त्या रस्त्यारस्त्यांवर पुन्हा ऐकू आल्या. लिबियाची चाल इजिप्तच्या मुहम्मद अब्देल वहाब यांची, शब्द एका ट्युनिशियन कवीचे. गद्दाफींनी १९६९ मध्ये ते बाजूला सारून १९५६ चं एक इजिप्शियन युद्धगीत घेतलं. २०११ मध्ये जुनं परत आलं, तेव्हा राजा इद्रीसच्या नावाच्या जागी उमर मुख्तारचं नाव घातलं गेलं.

नकाशावरच्या सरहद्दी बऱ्याचशा ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांनी आखल्या. गाणी त्यांना जुमानत नव्हती. पण एकदा सरकारनं गाणं उचललं की त्याला गणवेश चढतो, आणि सरकार पडलं की ते गणवेशासकट अडगळीत जातं. रोजच्या जगण्यातला अभिमान बहुधा दुसरीकडेच असतो. सीरिया आणि लेबनॉनमध्ये सकाळी रेडिओवर फेरूज लागते. कॉफीचं भांडं शेगडीवर असतं, मुलांची शाळेची घाई असते, आणि ती गात असते गावाबद्दल, पुलाबद्दल, वाट पाहण्याबद्दल. १९७५ ते १९९० या यादवीत ती देश सोडून गेली नाही आणि कुठल्याही एका टोळीसाठी गायली नाही. एकमेकांवर तोफा डागणारे दोन्हीकडचे लोक सकाळी तिचीच गाणी ऐकत. बैरुत दुभंगलं होतं ते 'हिरव्या रेषे'नं, आणि ती रेषा शहिदांच्या चौकातून जात होती. तिथून रस्ता ओलांडणाऱ्याला नेमबाज टिपत. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये फेरूज गायली ती त्याच चौकात. भोवती गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारती तशाच उभ्या होत्या, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंची माणसं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसली होती.