पेणच्या गणपतीची माती

पेणचे गणपती मुंबई-पुण्यालाच नव्हे, परदेशातही जातात. पण ज्या शाडूने पेणचं नाव झालं तो शाडू पेणचा नव्हेच. तो येतो गुजरातेतून, भावनगर-पोरबंदरकडून. इथली जमीन खाराची आणि भाताची. मग मूर्तीची माती नसलेल्या गावात मूर्तीचा धंदा रुजला कसा?

टिळकांनी 1893 साली उत्सव चव्हाट्यावर आणला आणि मागणी वाढली, हे एक नेहमीचं उत्तर. पण ती वाढली पुण्या-मुंबईत, आणि तिथे मूर्तिकार होतेच. दुसरं उत्तर पेणच्या देवधर या मूर्तिकार घराण्याचं. त्यांचा मान वादातीत आहे. पण एका घरातून कला येते. तिच्यावर अख्खी पंचक्रोशी जगायची तर आणखी काही लागतं.

माझ्या मते ते म्हणजे खाडी. भोगावतीकाठचं पेण हे आधी बंदराचं गाव. अंतोऱ्याच्या बंदरातून भात आणि मीठ धरमतरच्या खाडीने मुंबईकडे जायचं. त्याच मुंबईत काठेवाडची, म्हणजे भावनगर-पोरबंदरकडची, गलबतं यायची. माती ही जड आणि स्वस्त चीज. ती बैलगाडीवर घालून परवडत नाही, पाण्यावरून परवडते. शाडू असाच खाडीत शिरला असणार.

शिवाय हंगाम जुळतो. पाऊस लागला की मिठागरं बंद, आणि गणपतीची खरी घाई तेव्हाच. रिकामे हात पोटासाठी मूर्तीकडे वळले असणार. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ गावात 1816 च्या दुष्काळानंतर लाकडी कोरीवकाम वाढलं तेही पोटासाठीच. मात्र त्यांचं लाकूड घराजवळचं होतं.

यावर आक्षेप असा की मीठ पिकवणारे आगरी, आणि कला होती पेण शहरातल्या घरांत. खरं आहे. हात मात्र गावांतून आले. हमरापूर, जोहे ही गावं आज कारखान्यांनी भरलेली आहेत, आणि तिथे प्लास्टर ऑफ पॅरिसचा जोर आहे. कारण शाडूची मूर्ती घाई सोसत नाही. साच्यात अंगठ्याने माती दाबायची, दोन्ही भाग ओल्या मातीने सांधायचे, सांधा बोटाने पुसायचा आणि सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली की तडा जातो. शेवटी डोळ्यांची आखणी. ती पेणमध्येही मोजक्याच हातांकडे सोपवतात, कारण बुबुळ जरा सरकलं की रंगवलेली मूर्ती वाया. कच्च्या मूर्ती घेऊन जाणारे बाहेरगावचे लोक रंग आपापला देतात. आखणीसाठी मात्र पेणच्या कारागिराला बोलावण्याची रीत आहे.

माझ्या तर्काला सगळ्यात मोठा अडसर रोह्याचा. रोहा-अष्टमी, कुंडलिका नदीच्या दोन काठांची मिळून एक नगरपालिका. तिथेही खाडी, तिथेही भात, पाऊस तोच. तरी तिथे पेणसारखा धंदा उभा राहिला नाही. नकाशा काढला की उत्तर दिसतं. कुंडलिका रेवदंड्याला उघड्या समुद्रात पडते. तिथून मुंबई गाठायची तर अलिबागला वळसा घालून किनाऱ्याकिनाऱ्याने वर जावं लागतं. धरमतरची खाडी थेट मुंबई बंदरात उघडते. माती आणणाऱ्या गलबताला पेण वाटेवरच होतं, रोहा नव्हतं.