नोंदीतली वेळ

रोजमेळ लिहिताना तारीख आधी आणि रक्कम मागून, हे कुठल्याही दिवाणजीला शिकवावं लागत नाही. म्हणून मला १९९७च्या रेडियस अकाउंटिंगचं नवल वाटतं. (रेडियस म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडलं जाताना तुम्ही कोण ते तपासणारी आणि किती वेळ बसलात ते टिपून ठेवणारी पद्धत.) त्या नोंदीत घड्याळाची वेळच नव्हती! जोडणी किती सेकंद टिकली आणि ही नोंद पाठवायला किती सेकंद उशीर झाला, एवढंच. नोंद हाती आली त्या वेळेतून सर्व्हरने उशीर वजा करायचा, की झालं.

२००० साली वेळेचा वेगळा रकाना आला: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, यूटीसीप्रमाणे. पण माणसांना वाचता यावी म्हणून फायलीत तारीख छापली जाई ती युनिक्सच्या जुन्या धाटणीत: 'रवि सप्टें ९ ०१:४६:४० २००१'. हे घड्याळ कुठल्या देशाचं? पत्ता नाही. तीच ओळ डेटाबेसात मजकूर म्हणून कोंबली तर इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने शुक्रवार सोमवारच्या आधी येतो. वरची वेळ मी मुद्दाम निवडलीय. यूटीसीप्रमाणे त्या क्षणी सेकंद १०० कोटी झाले, नवाचे दहा आकडे झाले, आणि आकडेही अक्षरांसारखे लावणाऱ्या प्रोग्रामांची भंबेरी उडाली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे सव्वासात वाजून गेले होते.

आधी साल, मग महिना, मग दिवस, ही आयएसओची १९८८ची रीत मला म्हणूनच आवडते. नुसती अक्षरं लावली तरी काळ ओळीत राहतो. तरीही साडेपाच तासांचा प्रश्न उरतोच. नोंद यूटीसीत आणि वाचणारा भारतीय वेळ समजतोय, तर तोच आयपी पत्ता तोवर भलत्याच घरी गेलेला असू शकतो.

हे बिलापुरतं राहत नाही हो. २००७ साली ऑर्कुटवरच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पकडलं. इंटरनेट कंपनीने दिलेला आयपी पत्त्याचा तपशील चुकीचा निघाला. पण तोवर त्याने सुमारे ५० दिवस तुरुंगात काढले होते.