चढावर पाण्याचा काटा शांत, टर्बो मात्र तापलेला : डिझेल गाडीत एक्झॉस्टचं तापमान कसं बघतात?

इंदूर : शिरपूर, सेंधवामार्गे इंदूरकडे माल घेऊन निघालेल्या गाडीचा खरा कस धामनोद सोडल्यावर लागतो. नर्मदेच्या खोऱ्यातून मानपूरकडे चढताना इंजिन बराच वेळ पूर्ण जोर लावून ओढत असतं. पाण्याचा काटा मात्र हलत नाही, कारण थर्मोस्टॅट आणि पंखा पाण्याला सांभाळून घेतात. टर्बोवर आदळणारा धूर किती तापलाय, हे त्या काट्याला कळतच नाही.

डिझेल इंजिनाचा हिशेब साधा आहे. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, की धूर अधिक गरम. म्हणून पंप 'वाढवून' घेतलेल्या, एअर फिल्टर तुंबलेल्या किंवा इंटरकूलरचा होज फाटलेल्या गाडीत तापमान झटकन चढतं. काळा धूर ही त्याचीच खूण.

मोजण्यासाठी के-टाइप थर्मोकपल लावतात. दोन वेगळ्या निकेल मिश्रधातूंच्या तारांचा जोड तापला की अंशागणिक साधारण 41 मायक्रोव्होल्ट दाब तयार होतो आणि मीटर त्यावरून आकडा दाखवतो. सेन्सर कुठे बसवला, यावर सगळं अवलंबून. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवला तर खरा आकडा मिळतो. टर्बोनंतर सायलेन्सरच्या पाइपात बसवला तर जोरावर असताना आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी येऊ शकतो, कारण मधली उष्णता टर्बोने कामाला लावलेली असते. 'आमचं तर 500च दाखवतंय' म्हणणाऱ्याने आधी सेन्सरची जागा सांगावी! मॅनिफोल्डला भोक पाडायचं तर तो उतरवूनच पाडावं. लोखंडाचा एक कीस टर्बोच्या पात्यांत गेला तरी खर्च मोठा.

टर्बोच्या आधी 700 अंश सेल्सिअसच्या आसपास आकडा टिकून राहत असेल, तर बहुतेक जण तो धोक्याचा इशारा मानतात. पक्की मर्यादा इंजिन बनवणाऱ्या कंपनीचीच धरायची. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. पिस्टन तग धरतो तो तेलाच्या फवाऱ्यामुळे, पण फार वेळ ताणलं तर पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बो तिघांनाही फटका बसतो.

काटा चढू लागला की एक गिअर खाली टाकायचा आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा. इंजिनाचे फेरे वाढले की हवा जास्त मिळते आणि आकडा काही सेकंदांत उतरतो. वरच्या गिअरमध्ये रेटत राहणं सगळ्यात वाईट. घाट चढून ढाब्यावर थांबल्यावरही चावी लगेच फिरवू नये. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवावं, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळून काजळी धरतं.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत धूर गाळणाऱ्या फिल्टरसाठी तापमानाचे सेन्सर मुळातच असतात, स्कॅनर लावून ते वाचता येतात. फिल्टर स्वतःला साफ करतो तेव्हा तिथला आकडा 600 अंशांजवळ जातो. तो बिघाड नव्हे. गाडी वॉरंटीत असेल तर भोक पाडण्याआधी हा स्कॅनरचाच मार्ग धरावा.