स्पोर्ट्स कारची रिमोट चावी घरी प्रोग्राम करता येते का? चावी हरवण्याआधी समजून घ्या

समजा, कोपरगावातल्या एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर गाडी उभी आहे. लग्न लागलं, जेवणं उरकली, पाहुणे निघाले आणि खिशात हात घातला तर चावी नाही. गाडी जुनी, साधी असेल तर बाजारपेठेतला चावीवाला कानस घेऊन येतो आणि अर्ध्या तासात काम भागतं. पण गाडी बटण दाबून सुरू होणारी स्पोर्ट्स कार असेल, तर त्या कानशीचा काहीही उपयोग नसतो.

मग मोबाइल हातात घेतला जातो. ऑनलाइन बाजारात तशीच दिसणारी रिमोट चावी मिळते, सोबत 'घरच्या घरी पाच मिनिटांत प्रोग्राम करा' असे व्हिडिओही दिसतात. हे खरंच शक्य आहे का?

थोडक्यात उत्तर असं: काही गाड्यांमध्ये शक्य आहे. पण त्यासाठी बहुतेक वेळा आधीच्या चालू चाव्या हातात असाव्या लागतात. म्हणजे घरी चावी प्रोग्राम करण्याची सोय ही मुख्यतः चावी हरवण्याआधी वापरायची सोय आहे. असं का, ते समजण्यासाठी आधी चावी उघडून पाहावी लागेल.

एका चावीत तीन चाव्या

आपण जिला 'रिमोट चावी' म्हणतो, तिच्यात एकमेकांपासून वेगळी तीन कामं असतात.

पहिलं, धातूचं पातं. स्मार्ट चावीतही ते आत दडवलेलं असतं. रिमोटची बॅटरी संपली तर दार उघडण्यासाठी ते वापरायचं.

दुसरं, रिमोट. बटण दाबल्यावर दार उघडणारा किंवा बंद करणारा रेडिओ संदेश तो पाठवतो. यासाठी आत बटणासारखी चपटी बॅटरी असते, बऱ्याच गाड्यांत सीआर २०३२ या क्रमांकाची.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे इमोबिलायझरची चिप. इंजिन सुरू होऊ द्यायचं की नाही, हे या चिपच्या ओळखीवर ठरतं. ती बॅटरीवर चालत नाही. गाडीतल्या अँटेनाजवळ नेल्यावर तिला तिथूनच पुरेशी ऊर्जा मिळते.

म्हणूनच चावी 'मेली' असं वाटलं तर आधी बॅटरी बदलून पाहावी. बॅटरी संपलेली असतानाही अनेक गाड्या सुरू करता येतात. चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून बटण दाबायचं असतं. ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते आणि गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ती दाखवलेली असते. नवी चावी मागवण्याआधी एवढं केलं तरी कधी कधी मोठा खर्च वाचतो.

प्रोग्रामिंग म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रामिंग म्हणजे चावीत काहीतरी भरणं, असा समज असतो. पण मुख्य काम गाडीत होतं. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रकारचा हजेरीपट असतो. कोणत्या चिप 'आपल्या' आहेत, त्याची नोंद त्यात असते. नवी चावी प्रोग्राम करणं म्हणजे या पटावर तिचं नाव चढवणं.

नाव चढलं तरी गाडी नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाही. इंजिन सुरू करताना गाडी चिपला दर वेळी एक नवा, कुठल्याही क्रमाने निवडलेला आकडा पाठवते. चिप आपल्या गुप्त संकेताने त्याचं उत्तर काढून परत देते. उत्तर जुळलं तरच इंजिनाला परवानगी मिळते. रिमोटच्या बटणाचंही तसंच. प्रत्येक दाबाबरोबर कोड बदलतो, त्यामुळे कालचा संदेश कुणी टिपून ठेवला तरी आज तो सहसा चालत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येते. दार उघडणारा रिमोट आणि इंजिन सुरू करणारी चिप यांची नोंदणी वेगळी असू शकते. 'घरी प्रोग्राम झाली' म्हणून दाखवलेल्या चावीने कधी कधी फक्त दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. फसगत बहुतेक इथेच होते.

कोणत्या स्पोर्ट्स कारमध्ये घरी जमतं?

ही सोय प्रामुख्याने अमेरिकी गाड्यांमध्ये दिसते. भारतात ओळखीचं उदाहरण म्हणजे फोर्ड मस्टँग. ती २०१६ मध्ये इथे अधिकृतपणे विक्रीला आली. फोर्डचा नियम साधा आहे: आधी नोंदवलेल्या दोन चाव्या जवळ असतील तर तिसरी चावी मालक स्वतः नोंदवू शकतो. एकच चावी असेल तर डीलरकडे जावं लागतं.

किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या जुन्या मस्टँगमध्ये त्याचा क्रम साधारण असा असतो:

• पहिली चालू चावी लावून इग्निशन ऑन करायचं. ३ ते १० सेकंदांत बंद करून चावी काढायची.
• १० सेकंदांच्या आत दुसरी चालू चावी लावून हेच पुन्हा करायचं.
• त्यानंतर २० सेकंदांच्या आत नवी चावी लावून इग्निशन ऑन करायचं आणि काही सेकंद तसंच ठेवायचं.
• शेवटी नव्या चावीने इंजिन सुरू करून पाहायचं. जमलं नाही तर थोडं थांबून सगळा क्रम पहिल्यापासून करायचा.

बटण दाबून सुरू होणाऱ्या मस्टँगमध्ये तत्त्व हेच आहे, फक्त चाव्या एकेक करून ठरलेल्या जागी ठेवाव्या लागतात. नेमक्या पायऱ्या मॉडेलनुसार बदलतात. त्यामुळे व्हिडिओवर विसंबू नये, आपल्याच वर्षाच्या गाडीची पुस्तिका पाहावी.

शेव्हरोले कॉर्व्हेटची गोष्ट आणखी बोलकी आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही कॉर्व्हेटमध्ये एकही जुनी चावी नसताना नवी नोंदवता येते. मात्र त्यासाठी दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, म्हणजे सुमारे अर्धा तास थांबावं लागतं. चोराला तेवढा वेळ गाडीपाशी घालवणं परवडू नये, असा हा अडथळा. त्याच गाडीला कॅनडात मात्र ही सोय नाही, तिथे डीलरच लागतो. गाडी एकच असली तरी देशानुसार नियम बदलतो. म्हणून परदेशी व्हिडिओत दिसलेली पद्धत भारतातल्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांच्या आजच्या गाड्यांत घरी नोंदणीचा विचार सोडून द्यावा. इथे नवी चावी गाडीच्या चॅसी क्रमांकावरून मागवली जाते आणि कंपनीच्या यंत्रणेतून नोंदवली जाते.

कंपन्या एवढ्या कडक का?

कारण मालकासाठी सोपी असलेली वाट चोरासाठीही सोपी ठरते. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक झाला. नुसत्या तारा जोडून गाडी पळवणं त्यामुळे अवघड झालं, मग चोरांनी थेट चावीच्या नोंदणीकडे मोर्चा वळवला.

२०१२ मध्ये ब्रिटनमध्ये बीएमडब्ल्यू गाड्यांच्या चोऱ्या गाजल्या. चोर गाडीत शिरून डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडत आणि कोऱ्या चावीची नोंद करून गाडी घेऊन जात. हे तेच १६ पिनांचं सॉकेट आहे, ज्याला मेकॅनिक स्कॅनर लावतो.

२०१८ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी टेस्ला मॉडेल एसच्या चावीची नक्कल काही सेकंदांत करता येते, हे दाखवून दिलं. त्या चावीतला गुप्त संकेत अवघ्या ४० बिटचा होता आणि ही पद्धत कमजोर असल्याचं २००५ मध्येच समोर आलं होतं. टेस्लाने नंतर नव्या चाव्या आणल्या आणि गाडी सुरू करण्याआधी पिन टाकण्याचा पर्याय दिला. त्याच पुरवठादाराच्या चाव्या वापरणाऱ्या मॅक्लारेनने ग्राहकांना संदेश अडवणारी पाकिटं देऊ केली.

भारतातही की-प्रोग्रामिंग यंत्र वापरून गाड्या पळवणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यामुळे अनोळखी माणसाच्या हाती गाडी आणि तिचं ओबीडी सॉकेट सोपवताना दोनदा विचार करायला हवा.

ऑनलाइन चावी घेण्याआधी काय तपासायचं?

फ्रीक्वेन्सी: भारत आणि युरोपातल्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. अमेरिकेत अनेक गाड्यांना ३१५, तर काही नव्या गाड्यांना ९०२ मेगाहर्ट्झ लागतं. दिसायला हुबेहूब असलेली अमेरिकी चावी इथल्या गाडीशी बोलणारच नाही.

पार्ट नंबर: जुन्या चावीच्या मागे किंवा बॅटरीच्या झाकणाखाली तो असतो. फोटो जुळला म्हणून चावी जुळली असं नाही, नंबर जुळायला हवा.

वापरलेली चावी: अनेक कंपन्यांची चावी एकदा एका गाडीला जोडली की दुसरीला जोडता येत नाही. 'सेकंडहँड ओरिजिनल' म्हणून घेतलेली चावी मग फक्त शोभेची उरते.

गाडीची बॅटरी: महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघणाऱ्या स्पोर्ट्स कारची बॅटरी अनेकदा उतरलेली असते. नोंदणी सुरू असताना व्होल्टेज पडलं तर प्रक्रिया अर्धवट राहू शकते. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्यावी.

कोपरगावात शेवटची चावी हरवली तर?

कोपरगाव नगर-मनमाड रस्त्यावर आहे, शिर्डी हाकेच्या अंतरावर आहे आणि समृद्धी महामार्गही तालुक्यातूनच जातो. त्यामुळे महागड्या गाड्या इथे नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांचे अधिकृत सर्व्हिस सेंटर मात्र मोठ्या शहरांतच आहेत. नाशिक सुमारे शंभर किलोमीटर, पुणे दोनशेच्या आसपास. एकही चावी नसेल तर गाडी चालवत नेण्याचा प्रश्नच नाही. अनेक गाड्यांचा गिअर आणि पार्किंग ब्रेकही चावीशिवाय सुटत नाही, त्यामुळे साध्या दोरीने ओढूनही चालत नाही. सपाट प्लॅटफॉर्मचा टोइंग ट्रक मागवावा लागतो. चावीच्या किमतीत हा खर्चही धरायचा.

अशा वेळी क्रम असा ठेवावा:

• आधी पोलिसांत चावी हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी.
• आरसी, ओळखपत्र आणि विम्याची कागदपत्रं एकत्र करावीत.
• डीलरला चॅसी क्रमांक देऊन लेखी अंदाजपत्रक मागावं. चावी, प्रोग्रामिंग आणि गरज पडली तर कुलपांचा संच, यांचा खर्च वेगवेगळा विचारावा.
• हरवलेल्या चावीची नोंद गाडीतून पुसून घ्यावी. नाहीतर ती ज्याला सापडेल, त्याच्यासाठी गाडी उघडीच आहे. त्या वेळी उरलेल्या सगळ्या चाव्या सोबत न्याव्यात, कारण बऱ्याच गाड्यांत त्यांची नोंद नव्याने करावी लागते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक अडचण आणखी आहे. पुण्या-मुंबईहून एमएच १२ किंवा एमएच ०२ पासिंगची स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळाली, पण श्रीरामपूर आरटीओत आरसीवर नाव लावायचं राहून गेलं, तर डीलर नवी चावी देताना अडवू शकतो. मालकी सिद्ध झाल्याशिवाय चावी न देणं, हाच तर या सगळ्या व्यवस्थेचा हेतू आहे. म्हणून सौदा करतानाच दोन्ही चाव्या मागाव्यात. 'दुसरी घरी आहे, नंतर पाठवतो' हे ऐकून पैसे देऊ नयेत. एकच चावी असेल तर नव्या चावीचा खर्च किमतीतून वजा करावा.

विम्याचा मुद्दा विसरू नका

गाडी चोरीला गेली आणि विम्याचा दावा केला, तर कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ चाव्या मागते. एक कमी असेल तर प्रश्न विचारले जातात आणि दावा रखडू शकतो. दोन वर्षांपूर्वी चावी हरवली होती, हे तोंडी सांगून भागत नाही. तेव्हाची पोलिसांतली नोंद आणि नव्या चावीचं बिल त्या वेळी उपयोगी पडतं. घरी किंवा बाहेरच्या चावीवाल्याकडून केलेल्या चावीचंही बिल जपून ठेवावं.

अनेक विमा कंपन्या जादा हप्त्यावर चावी बदलण्याच्या खर्चाचं संरक्षण देतात. स्पोर्ट्स कारच्या मालकाने पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी ते आहे का, हे पाहायला हरकत नाही. मात्र त्याच्या अटींतही पोलिसांत नोंद केली आहे का, हे विचारलं जाऊ शकतं.

मग आज काय करायचं?

घरातल्या चाव्या मोजा. दोन असतील तर दोन्हींनी गाडी सुरू होते का, ते आजच पाहा. कपाटात पडून असलेल्या दुसऱ्या चावीची बॅटरी बदला. पुस्तिकेत घरी नोंदणीची पद्धत दिली असेल तर योग्य पार्ट नंबरची तिसरी चावी आताच नोंदवून घ्या. नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी जाईल तेव्हाच हे काम सांगून ठेवा, म्हणजे वेगळी फेरी पडणार नाही.

आणि चावी एकच उरली असेल, तर हे काम पुढे ढकलू नका. एक चावी हातात असताना गाडी स्वतः चालवत सर्व्हिस सेंटरला नेता येते. तीही हरवली की गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागते.