जुन्या मोटारींचे जतन : पश्चिम भारतातील एका यांत्रिक वारशाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश : किल्ले, लेणी, हस्तलिखिते व नाणी यांच्या जतनाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत यंत्रांच्या जतनाकडे इतिहास अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. जुन्या मोटारी भारतात का व कशा टिकल्या, त्या चालत्या ठेवण्यासाठी कोणते कौशल्य लागते आणि आजच्या कायद्यामुळे व इंधनबदलामुळे या वारशापुढे कोणते प्रश्न उभे राहिले आहेत, याचा आढावा प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबई व पश्चिम भारताच्या संदर्भात घेतला आहे.

बीजसंज्ञा : विंटेज मोटार, औद्योगिक वारसा, संस्थाने, दुरुस्ती-परंपरा, मूळ स्वरूप.

१. प्रस्तावना

मूर्ती किंवा ताम्रपट काचेच्या कपाटात ठेवला तरी त्याचे ऐतिहासिक मूल्य कमी होत नाही. मोटारीचे तसे नाही. गती हाच तिचा धर्म आहे. दीर्घकाळ उभी राहिलेली मोटार आतून झिजते. टाकीत गंज चढतो, रबरी नळ्या कडक होतात, सिलिंडरमध्ये दट्ट्या अडकून बसतो आणि टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. म्हणून मोटारींचा संग्रह करणे याचा अर्थ त्या सतत चालत्या ठेवणे असा होतो. मालकाची ऐपत, कारागिराचे कौशल्य, सुट्या भागांची उपलब्धता, इंधन आणि शासनाची परवानगी या पाच गोष्टी एकत्र आल्या तरच हे शक्य होते. यांतील एक कडी तुटली तरी मोटारीची केवळ शोभेची वस्तू होते.

२. संज्ञा व कालनिकष

‘विंटेज’ आणि ‘क्लासिक’ हे शब्द बोलण्यात सैलपणे वापरले जातात. ब्रिटिश परंपरेत १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या मोटारींनाच ‘विंटेज’ म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबमुळे हा निकष रूढ झाला. १९६६ साली स्थापन झालेल्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची व्याख्या अधिक व्यापक आहे. किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ती ऐतिहासिक मानते. भारत सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हटले आहे. पहिली व्याख्या मोटारीच्या युगावर, दुसरी तिच्या स्थितीवर आणि तिसरी नोंदणीपुस्तकावर आधारलेली आहे, हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

३. मोटारीचे आगमन आणि संस्थानी पागा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारगाड्या दिसू लागल्या. १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची स्थापना झाली. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखाना सुरू केला आणि मोटार श्रीमंत व्यापारी, वकील व डॉक्टर यांच्या आवाक्यात येऊ लागली.

संस्थानांमध्ये मोटारीला वेगळा अर्थ होता. तेथे ती हत्ती-घोड्यांच्या लवाजम्याची वारस ठरली. संस्थानिकांनी युरोपातील कारखान्यांकडून सांगाडा विकत घ्यावा आणि त्यावरचा साज आपल्या पसंतीने चढवून घ्यावा, असा तो काळ होता. कोल्हापूरच्या छत्रपतींची १९३० च्या दशकातील मेबॅक मोटार हे त्याचे ठळक उदाहरण होय. शाही दसऱ्याच्या सोहळ्यात ती आजही लोकांच्या परिचयाची आहे. वर्षातून एकदा का होईना, परंपरेने नेमून दिलेले काम तिच्याकडे आहे, आणि ते काम असल्यामुळेच ती चालती ठेवणे अपरिहार्य ठरते. जतनाच्या दृष्टीने ही बाब बोलकी आहे.

४. टंचाईतून टिकलेला वारसा

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९४९ साली तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. देशांतर्गत उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी कारखान्यांनी काम थांबवावे, असे धोरण १९५३ मध्ये ठरले आणि जनरल मोटर्सने १९५४ साली भारतातील जोडणी बंद केली. यानंतर बाजारात प्रामुख्याने तीनच मोटार उत्पादक उरले : उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे.

अशा परिस्थितीत जुनी मोटार टिकवणे ही हौस नसून गरज होती. परदेशी कारखान्याशी संबंध तुटल्यावर सुटा भाग मिळणार कोठून? तो येथेच तयार करावा लागे. लेथवर दांडा कातून घेणे, ओतशाळेत साचा बनवून झाकण ओतून घेणे, एका मोटारीचा भाग घासून दुसरीत बसवणे, असे उपाय गॅरेजमधील मिस्त्रींनी शोधले. पेट्रोलचा खर्च न परवडल्याने अनेक मोठ्या अमेरिकन मोटारींत डिझेल इंजिने बसवली गेली. आजचा शुद्धतावादी संग्राहक या बदलांकडे नापसंतीने पाहतो. तथापि हे बदल झाले नसते तर त्यांतील अनेक मोटारी भंगारात गेल्या असत्या, हे विसरता येत नाही.

५. संग्राहकांचा उदय

१९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. मोठा ताफा पोसणे अनेक राजघराण्यांना अशक्य झाले आणि पागांमधील मोटारी विक्रीस निघाल्या. त्या परदेशी जाऊ नयेत म्हणून १ जानेवारी १९५० पूर्वीच्या मोटारी व त्यांचे भाग यांच्या निर्यातीवर निर्बंध घालण्यात आले. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ चा या मोटारींना उपयोग नव्हता, कारण त्या कायद्याचा सर्वसाधारण निकष १०० वर्षांचा आहे. १९२० च्या दशकातील मोटारी आता कोठे त्या कालमर्यादेपर्यंत पोहोचत आहेत.

ही पोकळी खासगी संग्राहकांनी भरून काढली. प्राणलाल भोगीलाल (मृत्यू २०११) यांनी अहमदाबादजवळ कठवाडा येथील दास्तान इस्टेटमध्ये उभा केलेला ‘ऑटो वर्ल्ड’ हा १०० हून अधिक वाहनांचा संग्रह हे त्याचे प्रमुख उदाहरण आहे. ‘स्टेट्समन’ दैनिकाने १९६४ साली सुरू केलेली जुन्या मोटारींची रॅली आणि त्यानंतर मुंबईसह विविध शहरांत भरणारे मेळावे यांनी या छंदाला सार्वजनिक रूप दिले. रॅलीची एक अट जतनाच्या दृष्टीने उपकारक ठरली. मोटार स्वतःच्या बळावर चालत आली पाहिजे, टेम्पोवर लादून आणलेली चालत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा तरी इंजिन खोलणे, ब्रेक तपासणे व तारा बदलणे भाग पडते.

६. मोटार चालती ठेवण्याचे शास्त्र

जुन्या मोटारीची देखभाल ही अनेक कारागिरांची सामूहिक कृती असते. १९२० च्या दशकातील बहुतेक मोटारींचा सांगाडा पोलादी असला तरी वरच्या डौलदार पत्र्याला आतून लाकडी चौकट असे. म्हणून सुतार लागतो. इंजिनातील बेअरिंगे कथिलप्रधान मिश्रधातू वितळवून जागेवरच ओतलेली असत आणि नंतर ती दांड्याच्या मापाने खरवडली जात. हे काम पुस्तकावरून शिकता येत नाही, ते हाताला कळावे लागते. याशिवाय रेडिएटरचे झाळकाम, निकेलचा मुलामा, गादीकाम आणि ६ व्होल्टच्या जुन्या वीजरचनेची जाण असणारा वायरमन हे सर्व लागतात.

इंधनाचा प्रश्न स्वतंत्र आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत १९२३ नंतरची असल्याने त्यापूर्वीच्या कमी दाबाच्या इंजिनांना त्याची विशेष झळ लागली नाही. झळ लागली ती १९५० व १९६० च्या दशकांतील इंजिनांना, कारण त्यांची झडपांची बैठक शिशाच्या थरावर विसंबून होती. याहून गंभीर अडचण इथेनॉलची आहे. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल देशभर रूढ झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगवते आणि कार्ब्युरेटरमधील बुचाच्या तरंगत्या गोळ्यावरील लाखेचे आवरण विरघळवते. महिन्यातून एखादे वेळी चालणाऱ्या मोटारीच्या टाकीत असे पेट्रोल पडून राहिल्यास पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. उपाय अवघड नाहीत. नळ्या बदलणे, टाकी रिकामी ठेवणे व मिश्रणाचे प्रमाण जुळवणे एवढे पुरते. मात्र ते जाणणारा मिस्त्री हवा.

७. ‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. आधी नोंदणी झालेल्या वाहनांना जुना क्रमांक राखता येतो आणि नव्या नोंदणीला ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. नियमित अथवा व्यावसायिक वापरास मनाई असून प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधनभरणी व देखभाल यांसाठीच वाहन रस्त्यावर आणता येते. या तरतुदीने जुन्या मोटारीला प्रथमच वारसा म्हणून कायदेशीर ओळख मिळाली, हे निर्विवाद आहे.

तथापि वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. वर पाहिल्याप्रमाणे टंचाईच्या काळात ज्या मोटारी फेरबदल करूनच जगल्या, त्यांनी या अटीत कसे बसावे? त्यांच्यातील डिझेल इंजिन हाही १९५० नंतरच्या भारतीय अर्थव्यवस्थेचा अस्सल पुरावाच आहे. ‘फिवा’च्या २०१२ च्या ट्युरिन सनदेत वाहनाच्या वापरकाळात झालेल्या बदलांनाही त्याच्या इतिहासाचा भाग मानले आहे. भारतीय नियमांचा अर्थ लावताना हा दृष्टिकोन मार्गदर्शक ठरू शकेल.

८. सर्वसामान्यांची मोटार

जतनाच्या चर्चेत राजेरजवाड्यांच्या मोटारी अग्रभागी असतात. परंतु मुंबईच्या सामाजिक इतिहासात ‘डुक्कर फियाट’चे आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीचे स्थान मेबॅकपेक्षा कमी नाही. पद्मिनी जातीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हजारोंच्या संख्येने असलेली वस्तू दुर्मीळ वाटत नाही, म्हणून ती जपली जात नाही. आणि जपली न गेल्याने ती दुर्मीळ होते. ५० वर्षांच्या निकषाची वाट पाहताना मधल्या काळातील वाहने भंगारात निघण्याचा धोका आहे.

९. निष्कर्ष

१. भारतातील जुन्या मोटारी टिकण्यामागे संस्थानिकांचे वैभव जितके कारणीभूत आहे, तितकीच आयातबंदीच्या काळातील दुरुस्तीची परंपराही आहे.

२. मोटारीचे जतन हे मूलतः कौशल्याचे जतन आहे. वृद्ध मिस्त्रींचे ज्ञान लेखी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी ते चित्रफिती व मुलाखतींच्या रूपाने नोंदवणे निकडीचे आहे.

३. ‘मूळ स्वरूप’ या अटीचा अर्थ लावताना वापरकाळातील भारतीय फेरबदलांना ऐतिहासिक पुरावा म्हणून स्थान मिळावे.

४. कोणते वाहन जपावे याचा निर्णय केवळ किमतीवर व राजेशाही संबंधावर न सोडता, टॅक्सी, मालमोटार व कौटुंबिक मोटार यांचाही समावेश सार्वजनिक संग्रहालयांनी करावा.

संग्राहकाच्या हयातीनंतर संग्रह विखुरला जातो, हा अनेक खासगी संग्रहांचा अनुभव आहे. मोटारींबाबत हे विखुरणे दुहेरी असते, कारण वस्तूबरोबर ती चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूसही दुरावतो. वस्तू पुन्हा विकत घेता येईल. माणसाच्या हातातील ज्ञान एकदा गेले की ते परत मिळवण्याचा मार्ग इतिहासाला ज्ञात नाही.