शेंदूरजनाघाट : संत्र्याची गोडी, झाडाची तहान

१७४७ साली ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्हीने खंगलेल्या १२ खलाशांपैकी दोघांना रोज संत्री आणि लिंबू दिले. सहा दिवसांत फळे संपली, तरी सर्वांआधी सावरले ते हेच दोघे. त्यामागचे क जीवनसत्त्व हाती लागायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

वऱ्हाडात हेच फळ उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, मृग बहार सरता सरता, मुलांच्या हाती येते. नागपूरकर भोसल्यांनी हे झाड औरंगाबादेहून आणले, अशी परंपरा आहे. पुढे वरुड-मोर्शीचा पट्टा संत्र्याचा झाला आणि शेंदूरजनाघाट कलमांचे गाव. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधण्यात येथील हात तरबेज.

मृग बहाराची रीत कठोर आहे. ऐन मे महिन्यात बागेचे पाणी तोडायचे. यालाच ‘ताण देणे’ म्हणतात. पाने मलूल होतात, आणि मृगाच्या सरींनी झाड फुलते. पाऊस लांबला की बहार हुकतो. उलट, आंबिया बहाराला भर उन्हाळ्यात पाणी हवे. त्यापायी कूपनलिका खोल खोल गेल्या आणि वरुडचे भूजल खालावले.

सुट्टीत मुले संत्री सोलत असतात, तेव्हा शेजारची बाग पुढच्या मृगासाठी तहानलेली उभी असते.