काशी, परळ आणि गाझीपूर

काशी हे देह ठेवण्याचे क्षेत्र, अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा. तेथील मुक्तिभवनात अंतकाळ जवळ आलेल्या माणसाला आजही काही दिवसांपुरती खोली मिळते. परंतु याच काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याच्यापाशी सुश्रुत शल्यविद्या शिकला, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेतील ‘अर्बुदा’चे वर्णन, म्हणजे हळूहळू वाढणारी, खोल रुजलेली, न पिकणारी गाठ, वाचून आजचा कर्करोगतज्ज्ञही मान डोलावील. गाठीवर दुसरी गाठ उद्भवली की ती असाध्य, असेही त्यात बजावले आहे.

आधुनिक काळात मात्र या विद्येचे पीठ काशीत नव्हे, मुंबईत परळला उभे राहिले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. आणि त्यांनी मागे ठेवलेल्या न्यासाच्या द्रव्यातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. लोकांना शल्यवैद्याची सुरी दिसते. परंतु गाठीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून विकृतिशास्त्रज्ञाने निर्णय दिल्यावाचून ती सुरी सहसा चालत नाही. खानोलकर एवढ्यावर थांबले नाहीत. ही गाठ याच माणसाला, याच जागी का झाली, हा प्रश्न त्यांनी विचारला. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने त्या काचावर उद्भवणारा कर्करोग हा त्यांतला एक. दुसरा खैनीचा. चुना लावून मळलेली तंबाखू खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधील खाचेत धरण्याची बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील सवय आपणांपैकी तिकडे नोकरी केलेल्या प्रत्येकाने पाहिली असेल. रोग नेमका त्या खाचेत उगवतो. बनारसी विड्याची थोरवी गाणाऱ्या मंडळींनी हे ऐकून तंबाखूचा विडा सोडला, असे मात्र कोणी समजू नये.

निदान परळला झाले, तरी रोगी गंगाकाठचा. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार द्यावयाचे तर आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. औषधोपचार बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने, महिनोन्‌महिने. बदलीवर गेलेल्या अधिकाऱ्याला निदान रजा तरी असते. मदनपुऱ्याच्या विणकराने माग बंद ठेवून सुमारे दीड हजार किलोमीटरांवर इतके दिवस कसे काढावेत? काशीत उपचार मुळीच नव्हते असे नव्हे. हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात ते होत असत. तरीही गाड्या भरभरून माणसे मुंबईस येत राहिली. गाडगे महाराज मिशनच्या दादरच्या धर्मशाळेने आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीने कित्येकांना आसरा दिला, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण ज्यांना तेथे जागा मिळाली नाही, ते पदपथावर निजले. पैसे संपले की उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणारेही असत. अर्धवट किरणोपचार झालेला रोगी पुन्हा आला, तर पूर्वीचीच वाट त्याला खुली राहत नाही. अंतर हेही तेथे दुखण्याचेच एक अंग होते.

१९६२ पासून अणुशक्ती खात्याकडे असलेली टाटा मेमोरियलची संस्था अखेर स्वतःच काशीस आली. कबीराच्या जन्मकथेतले लहरतारा वाचकांना आठवत असेल. तेथील रेल्वेचे कर्करोग रुग्णालय २०१८ साली तिने चालविण्यास घेतले आणि त्यास होमी भाभांचे नाव दिले. विश्वविद्यालयाच्या आवारात महामना मालवीयांच्या नावाचे दुसरे केंद्र उभे राहिले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी दोहोंचे उद्घाटन झाले.

तेथील वैद्यांपुढे तोंडाच्या कर्करोगाबरोबर आणखी एक कठीण दुखणे येते, ते पित्ताशयाच्या कर्करोगाचे. गंगेच्या खोऱ्यात तो दक्षिणेपेक्षा पुष्कळ अधिक, आणि त्यातही स्त्रियांत विशेष. कावीळ दिसू लागेतो बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. मग दाराशी नातलग कुजबुजतात, “तिला सांगू नका.” डॉक्टराला नातलगांचे मन राखून रोगिणीला किती ठाऊक हवे आहे ते हळूहळू काढून घ्यावे लागते. हे काम सुरीपेक्षा सोपे आहे असे मला वाटत नाही.

उरते वेदना. काशीपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांवर गाझीपूरला कंपनी सरकारच्या काळापासूनचा अफूचा सरकारी कारखाना आहे. मॉर्फिन काढतात ते अफूपासूनच. तथापि १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांची अशी काही मालिका उभी राहिली की, पुष्कळ रुग्णालये ते औषध ठेवण्याच्या भरीस पडेनात. अफूच्या कोठाराच्या सावलीत माणसे कण्हत मेली. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टावा नव्हता. प्रत्येकाने आपापल्या कागदावर बिनचूक सही केली होती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट पुष्कळ मोकळी झाली.

काशीच्या या रुग्णालयांत आता वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, दुखणे उठण्याची वाट न पाहता द्यावयाची. रात्री निजतेवेळी दुप्पट मात्रा दिली की मध्यरात्री उठावे लागत नाही. पोट बांधले जाते म्हणून सोबत रेचक. एवढे सारे अक्षरओळख नसलेल्या सुनेला खुणेने पाठ करवून मगच रोगिणीला घरी धाडतात.